मागचा एअर शॉक : सॅग बरोबर ठेवूनही पांदणीवर 'टक्' करून आपटतो, काय चुकतंय?

पांदणवाला (४ मार्च, रात्री ९:४०)

राजेहो, मदत पाहिजे.

दिवाळीनंतर पुण्याच्या एका भावाकडून जुनी फुल सस्पेन्शन सायकल घेतली. मागचं चाक १३० मिमी हलतं, शॉक हवेचा आहे. माझं गाव परतवाड्याजवळ. रोजचा रस्ता म्हणजे घर ते वावर पांदण, आणि रविवारी चिखलदऱ्याच्या पायथ्याकडचे मुरमाचे रस्ते. ज्यांनी आमची पांदण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : पावसाळ्यात काळ्या मातीतून ट्रॅक्टर जातात, वीतभर खोल चाकोऱ्या पडतात, आणि फेब्रुवारीपर्यंत त्याच चाकोऱ्या वाळून सिमेंटसारख्या टणक होतात.

शॉकचा पंप ऑनलाइन मागवला. चार-पाच व्हिडिओ पाहिले. सगळे सांगतात सॅग (नुसतं बसल्यावर सस्पेन्शन दबतं ते) ३० टक्के ठेवा. पट्टी घेऊन मोजून ३० टक्के ठेवला. तरी चाकोरीतून बाहेर निघताना मागे 'टक्' होते आणि मणका डोक्यात येतो. शॉकवरची रबराची रिंग (शॉक कुठवर दबला ते दाखवणारी) दर फेरीत पार टोकाला गेलेली. चढावर सायकल मागे बसते, पुढचं चाक उचलायला पाहते, पेडल ढेकळांना घासते. माझं वजन ७८ किलो.

दोन शंका आहेत. एक, शॉक गळतो, कारण काल भरलेली हवा आज पंप लावून पाहिली की दर वेळी कमी दाखवतो. दोन, विकणाऱ्यानं फसवलं. घरच्यांचा कौल दुसऱ्या शंकेला आहे.

खडखडाट (४ मार्च, रात्री ९:५२)

भाऊ, वावरात जायले फुल सस्पेन्शन? आमच्याइकडे बंडीले बी शॉक नसते, बैल तक्रार नाई करत.

पांदणवाला (४ मार्च, रात्री ९:५५)

बैलाले बसा लागत नाई ना बाप्पा बंडीत.

चाकवेडा (४ मार्च, रात्री १०:३०)

नागपुरात सायकल दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

गळतीची शंका आधी काढून टाकू. शॉकमधली हवेची जागा फार छोटी असते. पंपाची नळी रिकामी असते. नळी लावली की शॉकमधली थोडी हवा नळीत शिरते आणि काटा दोघांचा मिळून दाब दाखवतो. म्हणजे तुम्ही जितक्या वेळा 'तपासता' तितक्या वेळा तो कमीच दिसणार. आणि नळी काढताना जो 'फुस्स' आवाज होतो तो बहुतेक नळीतल्या हवेचा, शॉकमधल्या नव्हे. चांगल्या पंपाचं तोंड आधी व्हॉल्व्ह बंद करतं, मग सुटतं. तेव्हा त्या आवाजाला घाबरून पाच पीएसआय जास्त भरत जाऊ नका.

खरी गळती पाहायची तर रिंग व्हॉल्व्हकडे सरकवून ठेवा, रात्रभर सायकल उभी ठेवा, सकाळी पंप न लावता बसून पहा. सॅग कालच्याइतकाच आला तर गळती नाही.

आता तीन गोष्टी सांगा. दाब किती आहे? सॅग मोजताना निळी दांडी (शॉक कडक करणारी) कुठे होती? आणि टक्के सोडा, मिलिमीटर किती?

कोथरूडकर (४ मार्च, रात्री ११:०५)

लक्षणं अगदी स्पष्ट आहेत. सॅग बरोबर आहे आणि तरी शॉक तळाला जातोय, म्हणजे शेवटच्या टप्प्यात पुरेसा ताठरपणा येत नाहीये. हवेच्या नळकांडीत प्लास्टिकचे तुकडे टाका, ज्यांना टोकन म्हणतात. आतली जागा कमी होते, त्यामुळे शॉक दाबत जाईल तसा दाब शेवटी झपाट्यानं वाढतो. सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. मी सिंहगडाच्या बाजूला चालवतो, दोन टोकन टाकले आणि फरक पडला.

चाकवेडा (४ मार्च, रात्री ११:२०)

टोकनचं तुम्ही सांगितलं ते खरं आहे, पण क्रम चुकतोय. आधी दाब, मग सॅग, मग रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग), आणि हे सगळं जागेवर आल्यावरही तळ लागत असेल तर टोकन. भाजीत मीठ पडलं की नाही हे न पाहताच तिखट वाढवायचं नसतं. तोपर्यंत नळकांडी कुणी उघडू नये.

खडखडाट (५ मार्च, सकाळी ७:१५)

दाबावरून माही कहाणी सांगतो. मी वणीचा. पहिल्यांदा शॉक बसला तवा माह्याजवळ पंप नव्हता. म्हटलं हवाच तं भरायची हाय. गेलो हायवेवरच्या टायरवाल्याकडं. त्यानं पाह्यलं अन् म्हणे, "ट्रकच्या टायरात एकशेदहा भरतो मी, तुह्या या बोटाएवढ्या नळीत काय भरू?" भरली. काट्यावर एकशेवीस दाखवलं. मी खुश. नोझल काढलं तं 'फटाक्'. बसलो तं सायकल अशी खाली बसली जशी म्हैस डोबऱ्यात बसते. पुन्हा भरली, पुन्हा फटाक्. पाचव्यांदा तो मले म्हणे, भाऊ तू सायकल इकून टाक अन् म्हैसच घे.

चाकवेडा (५ मार्च, सकाळी ८:००)

हीच गंमत आहे. ट्रकच्या टायरातून नोझल काढताना थोडी हवा गेली तर कळतही नाही. शॉकमधून तेवढीच गेली तर निम्मा दाब जातो. शिवाय बहुतेकांना दीडशेच्या वर लागतो, तिथपर्यंत रस्त्यावरचे बरेचसे कॉम्प्रेसर पोचतच नाहीत. शॉकचा पंप बारीक असतो, एका दाबाला चिमूटभर हवा ढकलतो, म्हणूनच तीनशेपर्यंत हातानं जाता येतं. शॉकवर कमाल दाब छापलेला असतो, तो ओलांडू नका.

संत्रावाला (५ मार्च, दुपारी १:१०)

वरुडचा आहे, संत्र्याची बाग आहे, पांदण रोजची. माझं स्पष्ट मत : आपल्या भागाला पुढे शॉक असलेली साधी हार्डटेल पुरते. मागचा शॉक म्हणजे अजून एक दुखणं. अर्धा आराम टायरमध्ये आहे. मी २.४ इंची टायर ट्यूबलेस करून २२ पीएसआयवर चालवतो. लोक ४० भरतात आणि मग सस्पेन्शनला शिव्या देतात.

ट्यूबलेस करायचं खरं कारण बाभूळ. बागेच्या कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारली की टायरात सात-आठ काटे. आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव) असलं की काटा उपटायचा, चाक फिरवायचं आणि पुढे निघायचं. उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं तेवढं लक्षात ठेवा, दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा टाकावं लागतं.

सायकलसखी (५ मार्च, दुपारी ३:४५)

संत्रावाले दादा, टायरचं पटलं. हार्डटेलचं नाही. मला कंबरेचा त्रास आहे, आमच्या गोंदियाकडे धानाच्या बांध्यांच्या पाळ्या एकामागून एक ओलांडायच्या असतात. हार्डटेलवर अर्ध्या तासात उतरून चालायची वेळ यायची. फुल सस्पेन्शनवर सकाळभर फिरते.

पण माझी अडचण पांदणवाल्यांच्या उलट. वजन ५२ किलो. शॉक दुकानातून आला तसा चालवला तर दगड. सगळे म्हणाले "नवीन आहे, सैल होईल". झाला नाही. शेवटी दाब १०५ वर आणला तेव्हा सॅग आला, आणि रिबाउंडचा लाल खटका जवळजवळ पूर्ण उघडा ठेवावा लागला. हलक्या माणसाला हवा कमी लागते, कमी हवेला ढकलायची ताकद कमी असते, म्हणून खटका घट्ट असला की शॉक वर यायलाच वेळ लावतो आणि पुढच्या पाळीला अर्धवट दबलेलाच सापडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात गेलं की आधी "सर कुठे आहेत?" विचारतात.

कोथरूडकर (५ मार्च, सायंकाळी ६:२०)

ताई, शेवटचं वाक्य पुण्यातही तंतोतंत लागू.

निवृत्त_मास्तर (५ मार्च, रात्री ८:३०)

धागा वाचतो आहे. सायकल साधीच चालवतो, पण तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा राहवत नाही.

हवेच्या शॉकमध्ये दोन कप्पे असतात. एक धन कप्पा, जो तुमचं वजन उचलतो. दुसरा ऋण कप्पा, तो उलट बाजूनं ओढतो, त्यामुळे पहिल्या हलक्या धक्क्यालाही शॉक हलतो, अडून बसत नाही. बाहेरून हवा फक्त धन कप्प्यात जाते. शॉक थोडा दाबला की मधल्या एका ठरावीक जागी दोन्ही कप्पे जोडले जातात आणि दाब सारखा होतो. म्हणून एकदम दोनशे भरून मोकळं व्हायचं नाही. दर ५० पीएसआयला थांबायचं, शॉक हळूहळू दहा-पंधरा वेळा दाबायचा, मग पुढे. असं केल्यावर काटा खाली आलेला दिसतो. ती गळती नव्हे, वाटणी.

आणि जाता जाता : बॉब फॉक्स यांनी मोटोक्रॉसच्या गाड्यांसाठी हवेचे शॉक बनवायला सुरुवात केली ते साल १९७४. आपला मेळघाट व्याघ्र प्रकल्पही १९७४ चाच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण परीक्षेत विचारण्याजोगं आहे.

खडखडाट (५ मार्च, रात्री ८:४१)

गुरुजी, संबंध हाय. दोघाइले बी चुकीच्या वेळी छेडलं का अंगावर येते.

संत्रावाला (५ मार्च, रात्री ९:००)

वाघाचा विषय निघाला म्हणून सांगतो, नवीन पोरं वाचत असतील तर : सेमाडोहकडच्या जंगलात 'ट्रेल' शोधत सायकल घुसवू नका. परवानगीशिवाय आत जाणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावर अस्वल दिसलं की कोणताही शॉक कामाचा नाही.

(यानंतर अस्वलांवर सोळा प्रतिसाद आले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

पांदणवाला (९ मार्च, रात्री १०:१५)

माफ करा, हरभरा काढणी सुरू होती, मोबाइल बघायला सवड नव्हती. अस्वलांचा धागाही वाचला, मजा आली.

चाकवेडा भाऊंनी सांगितलं तसं रात्रभर ठेवून पाहिलं. सॅग तेवढाच आला, म्हणजे गळती नाही. निळी दांडी उघडीच होती. दाब ८० पीएसआय. शॉकवर लिहिलंय २१० × ५०. सॅग ३९ मिमी.

चाकवेडा (९ मार्च, रात्री १०:१८)

किती?

पांदणवाला (९ मार्च, रात्री १०:२०)

३९. १३० चे ३० टक्के ३९ होतात. दोनदा मोजलं.

खडखडाट (९ मार्च, रात्री १०:२१)

आरारारारा

सायकलसखी (९ मार्च, रात्री १०:२४)

दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे. फक्त वावर दुसऱ्याचं मोजलंत.

चाकवेडा (९ मार्च, रात्री १०:४०)

पांदणवाले भाऊ, हसतो आहे पण तुम्हाला नाही. महिन्यातून एक तरी सायकल या दुखण्यानं दुकानात येते.

१३० मिमी हे मागच्या चाकाचं हलणं. रिंग आहे शॉकच्या दांड्यावर, आणि तुमचा शॉक एकूण दबतोच ५० मिमी. २१० ही शॉकच्या दोन टोकांच्या डोळ्यांमधली (बोल्टच्या भोकांमधली) लांबी, ५० हा स्ट्रोक. मधली जोडणी तरफेसारखी चालते : शॉक १ मिमी दबला की चाक सरासरी २.६ मिमी उचललं जातं. सॅग मोजायचा तो शॉकच्या स्ट्रोकचा. ५० चे ३० टक्के म्हणजे १५ मिमी.

तुम्ही रिंग ३९ वर येईपर्यंत हवा सोडत गेलात. ५० पैकी ३९ नुसते बसण्यातच खर्च, खड्ड्यासाठी उरले ११. मग 'टक्' नाही होणार तर काय होणार? चढावर मागे बसणं, पेडल घासणं, सगळं त्याचंच.

कोथरूडकर (९ मार्च, रात्री ११:००)

माझे टोकन मी परत घेतो.

पांदणवाला (९ मार्च, रात्री ११:०४)

चार महिने मी असाच फिरलो. चार महिने! विकणाऱ्याला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिता येत नाही.

आता किती भरू?

चाकवेडा (९ मार्च, रात्री ११:२५)

फॉक्स ही शॉकची कंपनी सांगते तो ठोकताळा वापरा : वजन पौंडात जितकं, तितके पीएसआय, तिथून सुरुवात. ७८ किलो म्हणजे १७२ पौंड, तर १७२ भरा. प्रत्येक सायकलच्या जोडणीला हे तंतोतंत बसत नाही, पण सुरुवातीला चालतं. गुरुजींनी सांगितलं तसं टप्प्याटप्प्यानं भरा.

मग जे घालून, जे घेऊन चालवता ते सगळं अंगावर घ्या. हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी भरलेली. भिंतीला कोपर टेकवा, सायकलवर चढा, दोन-तीनदा हलक्या उसळ्या घ्या, स्थिर बसा. रिंग सीलला (दांडा नळकांडीत शिरतो तिथल्या रबराला) टेकवा. आता खाली उतरताना सायकल दाबू नका, इथेच सगळे चुकतात. मांजरीसारखं उतरा. मोजा. १५ पेक्षा जास्त आला तर पाच-पाच पीएसआय वाढवा, कमी आला तर सोडा.

रिंग हलवायला घरातलं कुणी असलं तर सोपं जातं.

पांदणवाला (११ मार्च, सायंकाळी ७:५०)

केलं. रिंग हलवायला बायको होती. तिनं विचारलं, "हेच चार महिन्यांपूर्वी केलं असतं तर?" मी म्हटलं, मोज.

१७२ वर १६ मिमी. १७८ केलं, १५ आला. पांदणीनं गेलो. राजेहो, ही वेगळीच सायकल आहे! चढाला सरळ उभी राहते, पेडल घासत नाही. 'टक्' एकदाच झाला, तोही नाल्याच्या उतारावरून वेगात गेलो तेव्हा.

पण नवं दुखणं. चाकोरीतून निघालं की मागचं चाक लाथ मारते. शंकरपटात जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखं. एकदा तर पुढे हँडलवर गेलो.

चाकवेडा (११ मार्च, रात्री ९:१०)

येणारच. ८० वर होता तेव्हा हवेची ताकद निम्मीही नव्हती, रिबाउंड त्याच हिशेबानं उघडा राहिला. आता दाब दुपटीच्या वर गेला, उसळीला लगाम घालायला हवा. दाब बदलला की रिबाउंड पुन्हा पाहायचाच.

लाल खटका घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद करा, मग एकेक 'टिक' मोजत उघडा. काहींवर कासव-ससा काढलेला असतो, कासवाकडे हळू, सशाकडे जलद. मधोमध ठेवा. मग फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली उतरा. मागचं चाक उतरल्यावर सायकल एकदा वर येऊन शांत बसली तर बरोबर. दोन-तीनदा डुलली तर अजून बंद करा. वर यायला आळस करत असेल तर उघडा.

खडखडाट (११ मार्च, रात्री ९:१४)

भाऊ, परतवाड्याच्या खेड्यात फुटपाथ?

चाकवेडा (११ मार्च, रात्री ९:२०)

शाळेची पायरी चालेल. मारुतीच्या देवळाचा पार नको, उंच पडतो आणि लोक रागावतात.

संत्रावाला (१२ मार्च, सकाळी ६:४०)

उलट बाजूची खूणही सांगा ना. मी मित्राच्या सायकलवर पाहिलंय : रिबाउंड फार बंद ठेवला की एका खड्ड्याला चांगली वागते, पण लागोपाठ ढेकळं आली की हळूहळू खाली खाली बसत जाते आणि पाचव्या ढेकळाला दगडासारखी लागते. माणूस म्हणतो शॉक कडक आहे आणि हवा सोडतो. दुखणं वाढतं.

चाकवेडा (१२ मार्च, सकाळी ९:३०)

शंभर टक्के. ज्यांना 'कडक' वाटतो त्यांच्यातल्या निम्म्यांचा शॉक कडक नसतो, वर यायला विसरलेला असतो. हार्डटेलवाल्या माणसानं हे सांगावं याचं विशेष वाटलं.

पांदणवाला (१६ मार्च, रात्री ८:००)

शाळेची पायरी झाली. पंधरा-वीस पोट्टे जमा झाले, गुरुजी बाहेर आले, त्यांनाही एकदा उतरून पाहायचं होतं, उतरले. बंद बाजूकडून ७ टिक. एकदा वर येते आणि बसते. लाथ बंद.

अजून एक आवाज राहिला. सीट धरून सायकल उचलली की शॉकच्या जागी बारीक 'खट्ट' लागते.

खडखडाट (१६ मार्च, रात्री ८:३०)

हे माह्या खात्यात येते, नावच खडखडाट हाय. शॉकच्या दोन टोकांच्या डोळ्यात बुश रायते. थे झिजलं की बोल्ट खुळखुळते. एका हातानं सीट उचलत-सोडत राय अन् दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या डोळ्यावर ठेव, कुठं हलते ते बोटाले समजते. बुश बदलायचं, शॉक नाई. मले एका मोठ्या शहरातल्या दुकानवाल्यानं पुरा शॉकच बदला लागते म्हणून सांगितलं होतं. दुसरीकडं इचारलं तं बुशवर काम झालं.

पांदणवाला (१९ मार्च, रात्री ९:०५)

वरच्या टोकाचं बुश निघालं. मागवलं आहे. धन्यवाद भाऊ.

चंद्रपुरी_ऊन (२४ एप्रिल, दुपारी ४:१०)

धागा वर काढतो. इथे आज पारा ४४ च्या वर. माझा शॉक सकाळी झकास असतो, अकरानंतर परतताना कडक आणि उसळणारा लागतो. दाब सकाळीच तपासला होता. हे ऊन आहे का माझा थकवा?

निवृत्त_मास्तर (२४ एप्रिल, सायंकाळी ७:००)

दोन्ही असेल, पण ऊन मोजता येतं.

बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, आणि तो निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २८ अंश, दुपारी ४५ धरू. म्हणजे ३०१ केल्व्हिनवरून ३१८, साधारण साडेपाच टक्के वाढ. काट्यावर सकाळी १७२ असेल तर त्यात वातावरणाचे १४.७ मिळवून गुणायचं आणि पुन्हा वजा करायचे. उत्तर १८२ च्या आसपास. दहा पीएसआय फुकट. उन्हात उभी केलेली काळी नळकांडी भोवतालच्या हवेपेक्षाही तापते, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच.

शिवाय आतलं तेल तापून पातळ होतं, उसळीवरचा लगाम सैल पडतो. तुम्हाला 'कडक आणि उसळणारा' असं दोन्ही एकदम वाटलं ते म्हणूनच.

चिखलदऱ्याला चढून गेल्यावर उंचीचा फरक पडतो का, असं कुणी विचारण्याआधीच सांगतो : खालपेक्षा सातशे-साडेसातशे मीटर वर, फरक एक-सव्वा पीएसआयचा. विसरा.

चाकवेडा (२४ एप्रिल, रात्री ९:१५)

त्यामुळे ज्या वेळी चालवता त्या वेळच्या हवेत सेट करा. आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोर बसून दाब ठरवायचा आणि बाहेर ४५ मध्ये जायचं, हे चुकीचं. पहाटेच चालवत असाल तर पहाटेच भरा. दुपारच्या परतीसाठी रिबाउंड एक-दोन टिक बंद करा, पंप काढायची गरज नाही.

आणि मेमध्ये तीन लिटर पाणी पाठीवर म्हणजे तीन किलो. ते पिऊन संपलं की सॅगही बदलतो.

खडखडाट (२४ एप्रिल, रात्री ९:२२)

नायट्रोजन भरला तं? कारवाले भरतेत.

निवृत्त_मास्तर (२४ एप्रिल, रात्री ९:४०)

हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तापल्यावर तोही तसाच फुगतो.

चाकवेडा (२४ एप्रिल, रात्री ९:५०)

डँपरच्या (उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागाच्या) आत वेगळा कप्पा असतो, त्यात कारखान्यातूनच नायट्रोजन असतो. तिथे घरी कुणी हात घालू नका.

दुसरी धोक्याची गोष्ट : शॉक खाली दबून तिथेच अडकला, वर येतच नाही, असं झालं तर उघडायचा प्रयत्न करू नका. मधलं सील गेलेलं असतं आणि ऋण कप्प्यात भरपूर दाब कोंडलेला असतो. व्हॉल्व्हमधून धन बाजूची हवा सोडली तरी तो तसाच राहतो. फिरवून उघडला तर नळकांडी गोळीसारखी सुटते. ते काम जाणकाराकडे.

सायकलसखी (२५ एप्रिल, सकाळी १०:००)

धुळीचं काय करता? आमच्याकडे सध्या रस्त्याचं काम आहे, दांड्यावर रोज पिठासारखा थर.

संत्रावाला (२५ एप्रिल, दुपारी १२:३०)

फेरीनंतर मऊ कापडानं दांडा पुसायचा, बस. धुळीचा थर सीलखाली गेला की घासतो. धुवायला मी पाठीवरचा फवारणी पंप वापरतो, धार मऊ असते. विहिरीवरच्या मोटारचा पाइप नको, पाणी सीलच्या आत ढकलतो. पण पंप तणनाशकाचा नको! बागेत एकदा असाच घोळ झाला होता, सायकल वाचली, मोगरा गेला.

चाकवेडा (२५ एप्रिल, दुपारी २:००)

आणि बाजारात मिळणारा गंज सोडवायचा स्प्रे दांड्यावर मारू नका, सीलखालचं ग्रीस धुऊन निघतं. रॉकशॉक्स या शॉक कंपनीच्या कागदात हवेच्या नळकांडीची सर्व्हिस ५० तासांनी सांगितली आहे : उघडा, पुसा, सील पहा, नवं ग्रीस. आपल्या मातीत ते ५० तास काटेकोर धरा. हवा पूर्ण सोडल्याशिवाय मात्र काहीही फिरवायचं नाही.

पांदणवाला (१४ जून, सकाळी ८:२०)

मूळ धागाकर्ता हजर.

बुश बसलं, आवाज गेला. मेमध्ये मास्तर गुरुजींच्या हिशेबानं १७० ठेवलं, पाच वाजता निघून आठला परत, उत्तम चाललं. रिंग दर फेरीत ४४-४५ मिमीपर्यंत जाते, म्हणजे शॉक पुरता वापरात येतोय आणि तळही लागत नाही. टोकन लागले नाहीत, कोथरूडकर. विकणाऱ्या भावाला फोन करून सगळं सांगितलं, तो पोट धरून हसला. घरचा कौल मात्र बदललेला नाही, फक्त आता फसवणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे.

परवा पहिला पाऊस झाला. काळी माती चाकाला चिकटून ब्रेकपर्यंत भरली, सायकल खांद्यावर आणावी लागली. पांदण आता दसऱ्यापर्यंत बंद. सायकल गोठ्याच्या आड्याला टांगतो. शॉकमधली हवा काढून ठेवू का तशीच ठेवू?

चाकवेडा (१४ जून, सकाळी ९:४५)

तशीच ठेवा. दांडा पुसून टांगा. दसऱ्याला पंप लावाल तेव्हा काटा कमी दाखवेल. थोडी खरंच गेलेली असेल, थोडी नळीत गेलेली असेल.

खडखडाट (१४ जून, सकाळी ९:५१)

अन् ३९ नाई. १५.